बघ्यांच्या गर्दीत

रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमायला वेळ लागत नाही. टपरीवरचे, रिक्षा स्टँडवरचे, दुचाकी कडेला लावून मागे वळून आलेले, पाहता पाहता वीस-पंचवीस जणांचं कोंडाळं होतं. चूक कोणाची यावर वाद सुरू होतो, ट्रकवाल्याची कॉलर धरली जाते, एखादा मोबाइल उंच धरून चित्रण करत असतो. ज्याच्यामुळे हे सगळे थांबले तो मधोमध तसाच पडून असतो. पुढे होऊन त्याच्या जखमेवर कापड दाबणारा, १०८ लावणारा कोणी निघेपर्यंत मिनिटं जात राहतात. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला डॉक्टर 'गोल्डन अवर' म्हणतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही या तासाची व्याख्या आहे. पण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडला, तर त्याच्या हाती तासही नसतो.

असं काही पाहिलं किंवा ऐकलं की आपण म्हणतो, लोकांत माणुसकी उरली नाही. हे वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की ते खरं आहे का, हे कोणी तपासत नाही. ते तपासणं मला फार निकडीचं वाटतं. माणसांची मनंच मेली असतील तर उपदेशापलीकडे उपाय उरत नाही, आणि उपदेश तर शतकानुशतकं चालूच आहेत. पण मन जागं असूनही हात पुढे येत नसेल, तर मध्ये काहीतरी अडलेलं आहे. ते शोधता येतं आणि दूरही करता येतं. गेल्या साठ वर्षांतलं संशोधन आणि आपल्याच देशातल्या रस्त्यांचा अनुभव, दोन्ही मला याच बाजूला नेतात.

२००७ साली दिल्लीत एक सतरा वर्षांचा मुलगा शाळेतून घरी येत असताना वाहनाखाली सापडला. सुमारे पाऊण तास तो रस्त्याच्या कडेला होता. लोक थांबले, पाहिलं, आणि त्याला दवाखान्यात न नेता निघून गेले. मुलगा वाचला नाही. त्याचे नातलग पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. लोकांना शिव्या देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही, त्यांनी लोकांनाच विचारलं. संस्थेच्या २०१३च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं की अपघातातल्या जखमीला आपण बहुधा मदत करणार नाही. पुढचा प्रश्न होता, का? या लोकांपैकी ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते पोलिसांच्या वारंवार होणाऱ्या चौकशीचं आणि कोर्टाच्या हेलपाट्यांचं. जखमीला नेलं तर दवाखाना आपल्यालाच अडवून ठेवील आणि पैसे भरायला लावील, ही धास्तीही पुष्कळांना होती.

ही धास्ती हवेतून आलेली नव्हती. जखमीला घेऊन गेलेल्या माणसाला 'तुमच्याच गाडीची धडक बसली नाही कशावरून?' हे ऐकावं लागे. नाव, पत्ता, जबाब. मग दोन-चार वर्षांनी साक्षीचं समन्स, रोजगार बुडवून गाठलेली तारीख आणि तिथे गेल्यावर कळणारी पुढची तारीख. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही. दवाखान्यांची तऱ्हा वेगळी नव्हती. 'पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही' हे उत्तर इतकं सर्रास मिळत होतं की १९८०च्या दशकात एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखलच करून घेतलं नाही. अशा केसेस घेण्याची परवानगी असलेलं रुग्णालय वीस किलोमीटर दूर होतं आणि तिथे पोहोचण्याआधीच तो गेला. वर्तमानपत्रात आलेली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९मध्ये न्यायालयाने निक्षून सांगितलं की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर. आणि हे बंधन सरकारी डॉक्टरइतकंच खासगी डॉक्टरवरही आहे. निकाल स्पष्ट होता. तरीही त्यानंतर चोवीस वर्षांनी लोक तीच भीती सांगत होते.

म्हणजे मदत करणारा माणूस या व्यवस्थेच्या नजरेत आधी संशयित होता. ज्या समाजात मदतीची किंमत अशी मोजावी लागते, तिथे लोकांनी काय शिकावं? एकाला आलेला अनुभव दहा घरांत सांगितला जातो. 'नसती भानगड गळ्यात घेऊ नकोस' हे आईच मुलाला सांगते, आणि ती काही निर्दय नसते.

हीच माणसं दुसऱ्या प्रसंगी कशी वागतात, ते पाहा. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. रुग्णवाहिका पोहोचण्याआधी रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसं धावत आली. घरातल्या चादरी आणून त्यांच्या झोळ्या केल्या आणि त्यांतून जखमींना उचलून नेलं, जे वाहन थांबलं त्यात घातलं, अडकलेल्यांना पाणी दिलं, रक्त द्यायला रांगा लावल्या. त्याआधी वर्षभर, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं होतं, छातीभर पाण्यातून हाताला धरून नेलं होतं.

अशा वेळी आपण मुंबईच्या 'स्पिरिट'चं कौतुक करतो आणि विषय सोडून देतो. पण याच शहरात एरवी रस्त्यावर पडलेल्या एकट्या माणसाला ओलांडून गर्दी जाते, याचं उत्तर त्या कौतुकात मिळत नाही. माझ्या मते फरक प्रसंगात आहे. स्फोटाच्या वेळी काय घडलं याबद्दल कोणालाही शंका नसते. मदत हवी आहे, हे ओरडून सांगावं लागत नाही. आणि जखमीला उचलणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. हे याने केलं असेल, असा प्रश्नच उद्भवत नाही. एकट्याच्या अपघातात या तिन्ही गोष्टी उलट असतात.

आता न्यूयॉर्कची एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरी माणसाच्या थंडपणाची चर्चा जगभर तिच्यापासूनच सुरू होते आणि ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. १३ मार्च १९६४च्या पहाटे क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स वस्तीत किटी जिनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी कामावरून परतत होती. घराच्या अगदी जवळ एका माणसाने तिला भोसकलं. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली: अडतीस सभ्य, कायदा पाळणारे नागरिक अर्ध्या तासाहून अधिक वेळ हा खून पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. अमेरिका हादरली. प्रवचनांत, अग्रलेखांत, पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट शिरली.

पुढे कागदपत्रं तपासली गेली तेव्हा चित्र बदललं. पहिल्या हल्ल्याच्या वेळी खिडकीतून एकजण ओरडला आणि हल्लेखोर पळाला. किटी धडपडत इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. दुसरा हल्ला झाला तो तिथल्या जिन्याजवळच्या आडोशाला, जिथलं बहुतेकांना काही दिसणंच शक्य नव्हतं. पुष्कळांनी फक्त आवाज ऐकले होते. काय चाललंय ते कळूनही गप्प राहिलेला माणूस होता, ते नाकारता येत नाही. पण अडतीस जण खिडक्यांत बसून खून पाहत होते, हे खोटं होतं. शेजारची एक स्त्री तर खुनी अजून तिथेच असेल की गेला, याचा विचार न करता जिना उतरून धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिने किटीला कवेत धरून ठेवलं. त्या पहिल्या बातमीत या स्त्रीचं नावही नव्हतं. खुनी विन्स्टन मोझली काही दिवसांत पकडला गेला तोही शेजाऱ्यांमुळे. भरदिवसा एका घरातून तो टीव्ही बाहेर नेताना दिसला, शेजाऱ्यांना संशय आला. एकाने पोलिसांना कळवलं आणि दुसऱ्याने त्याची गाडी बंद पाडून ठेवली. २०१६मध्ये मोझली तुरुंगात मेला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपली मूळ बातमी सदोष होती, हे मान्य केलं.

चुकीच्या बातमीतून एक मात्र चांगलं काम उभं राहिलं. जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोन मानसशास्त्रज्ञांना वाटलं की 'शहराने माणसं दगड झाली' हे उत्तर पुरेसं नाही. १९६८मध्ये त्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावलं. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू येई. तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. संभाषणात आपण दोघंच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के झालं. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत ३१ टक्के. माणसं तशीच, आजारही तोच. 'दुसरा कोणीतरी करेल' एवढी एक शक्यता वाढली आणि निम्म्याहून अधिक हात खाली राहिले. आज हा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतो, पण त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं निरीक्षण सहसा वगळलं जातं. जे उठले नाहीत त्यांच्या खोलीत संशोधक गेले तेव्हा ती माणसं निवांत बसलेली नव्हती. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. 'तो बरा आहे ना? कोणी त्याच्याकडे गेलंय ना?' असं ते विचारत होते. त्यांना काही वाटलं नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांना वाटत होतं आणि तरीही ते जागचे हलले नव्हते.

याच दोघांच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला जाई. एकटा माणूस असला तर चारपैकी तिघं जाऊन कळवत. सोबत दोन माणसं निर्विकार बसवून ठेवली, तर दहांतला एकच उठे. बाकीचे डोळे चोळत, खोकत बसून राहत. धूर त्यांच्या स्वतःच्याही नाकात जात होता! म्हणजे गर्दीत आपण एकमेकांचे चेहरे वाचतो. प्रत्येकजण आतून घाबरलेला आणि वरून शांत, आणि त्या वरच्या शांतपणावरून प्रत्येकजण ठरवतो की फारसं काही झालेलं नसावं.

तरी या प्रयोगांवरून 'गर्दीत कोणीच मदत करत नाही' असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. २०१९मध्ये ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या शहरांतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेली रस्त्यावरची २१९ भांडणं संशोधकांनी तपासली. प्रयोगशाळा नाही, नाटक नाही, खरी मारामारी. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी किमान एकजण मध्ये पडला होता: हात धरला, बाजूला ओढलं, जखमीला सावरलं. आणि बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त. गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा उत्साह थोडा कमी होत असेल, पण माणसंच जास्त असल्याने त्यांतून एक तरी निघतो. जखमीला एकच पुरतो.

मग घाई. १९७३मध्ये प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं, आणि काहींचा भाषणाचा विषय बायबलमधला तो सज्जन शोमरोनी होता, वाटेत पडलेल्या परक्या जखमीची शुश्रूषा करणारा. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही. ८ वाजून १२ मिनिटांची लोकल चुकली की पगार कापला जाणाऱ्या माणसाला आपण दयाळूपणाचे धडे देतो, तेव्हा हा प्रयोग आठवावा. त्याच लोकलच्या डब्यात तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला टेकायला जागा देणारेही तेच असतात.

दाट वस्तीमुळे माणूस बोथट होतो, हे मतही जुनं आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३मध्येच महानगरी मनाच्या अलिप्ततेवर लिहिलं होतं. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. रॉबर्ट लेव्हिन यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत अनोळखी माणसाला मदत मिळते का, हे पाहिलं: हातातून पेन पडणं, पाय दुखावलेल्या माणसाची मासिकं खाली पडणं, अंध माणसाला रस्ता ओलांडायचा असणं. सर्वांत वर रिओ दि जानेरो होतं, सर्वांत खाली क्वालालंपूर. न्यूयॉर्क तळाजवळ. आणि गर्दीने फुटणारं आपलं कोलकाता वरच्या काही शहरांत होतं.

'आजच्या पिढीत सहवेदना उरली नाही' या वाक्याला एका अमेरिकी अभ्यासाचा आधार दिला जातो. सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २००९ या काळातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्या तपासून २०१० साली सांगितलं की सहवेदनेचे गुण सुमारे ४० टक्क्यांनी घसरले आहेत, आणि ही घसरण मुख्यतः २०००नंतरची आहे. ही बातमी जगभर फिरली. दोष मोबाइल आणि समाजमाध्यमांवर ठेवला गेला. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षांची माहिती जोडून २०२३मध्ये दाखवलं की साधारण २००८पासून हे गुण पुन्हा चढत गेले आहेत. तेही नेमके स्मार्टफोन हातोहाती आले त्या वर्षांत. ही दुसरी बातमी फार कोणाच्या कानावर गेली नाही.

मोबाइलचा काहीच दोष नाही, असं मला म्हणायचं नाही. अपघाताचं चित्रण करणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटत असतं. हात गुंतलेले असतात आणि मनाची टोचणी कमी होते. शिवाय पडद्यावर रोज इतकं दुःख येतं की मन आकडे ऐकायचं सोडून देतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७मध्ये याचं मोजमाप केलं. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यांतले हवे तितके दान करा म्हणून सांगितलं. माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. मुलगी आणि आकडेवारी दोन्ही समोर ठेवली तेव्हा १.४३. आकड्यांनी मुलीबद्दलची कणवही पातळ केली. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे रोज ४६०हून अधिक. हा आकडा वाचताना तुमच्या मनात काय झालं? बहुधा काहीच नाही. पण या प्रकरणाच्या सुरुवातीचा तो सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा थोडा तरी जवळ आला असेल.

आणखी एका गोष्टीपाशी मला थांबायचं आहे, कारण गतकाळाचे गोडवे गाताना ती झाकली जाते. 'पूर्वी गावात कोणाच्या घरी मयत झालं तर साऱ्या आळीत चूल पेटत नसे' हे खरं आहे. त्याच गावांत तहानलेल्या माणसाला पाणवठ्याला शिवू दिलं जात नव्हतं, हेही खरं आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरीही २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांना घेऊन त्या तळ्याचं पाणी प्यायला जावं लागलं. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं. ज्यांनी ते केलं त्यांच्या घरात मायाममता नव्हती का? भरपूर होती. ती कुंपणाच्या आत होती. गटारात उतरून गुदमरलेल्या सफाई कामगाराची बातमी आजही आतल्या पानावर चार ओळींत संपते, त्याचं मूळ याच कुंपणात आहे. तिथे घाई, गर्दी किंवा मोबाइल यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

पण हे कुंपण हलवता येतं. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाबद्दल लिहायला लावलं, मग वाटेत एक माणूस घसरून पडला. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर जवळपास सगळे मदतीला धावले. लिव्हरपूलचा असेल तर सुमारे तीनांतला एक. दुसऱ्या खेपेला संघाऐवजी 'फुटबॉलचा चाहता म्हणून' लिहायला सांगितलं. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही बहुतेकांनी हात दिला. दोन्ही खेपांची माणसं एकाच संघाची कट्टर चाहती होती. 'आपला' कोण, याची रेघ काही मिनिटांच्या लेखनाने सरकली.

रस्त्यावरच्या जखमीसाठी आपल्या देशात रेघ सरकवण्याचं काम कायद्याने केलं आहे. सेव्हलाइफच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि सप्टेंबर २०२०मध्ये त्याचे नियम. आता सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या मृत्यूबद्दल किंवा इजेबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस किंवा दवाखाना त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. त्याला अडवून ठेवता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याच्या इच्छेवर. झालाच तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी घ्यायचा, आणि घरी येणाऱ्या पोलिसाने साध्या कपड्यांत यायचं. प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने हे हक्क स्थानिक भाषेतही प्रवेशद्वाराशी लावायचे आहेत. साध्या कपड्यांची ती अट ज्याने लिहिली असेल त्याला लोकांच्या मनातली भीती नेमकी कळली होती.

पण २०१८च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना असं काही संरक्षण आहे, याचा पत्ताच नव्हता. सरकारने मग बक्षीस सुरू केलं. २०२१मध्ये पाच हजार रुपये, २०२५मध्ये ते पंचवीस हजार झालं. बक्षिसाला माझा विरोध नाही. तरी ज्याला पोलिसांची धास्ती आहे त्याची धास्ती पैशाने जात नाही. ती नियमाची पाटी वाचून आणि त्या नियमाप्रमाणे वागलेला एक हवालदार पाहून जाते. तुमच्या जवळच्या रुग्णालयाच्या दाराशी ती पाटी आहे का, हे पाहून या. नसेल तर व्यवस्थापनाला लेखी विचारा.

दुसरी गरज माहितीची आहे. पुष्कळ जण मागे राहतात ते 'माझ्या हातून वाईट झालं तर?' या विचाराने. या प्रश्नाला प्रशिक्षण हेच उत्तर आहे. एका अमेरिकी प्रयोगात परिचारिका सोबत दुसरा कोणी असतानाही तितक्याच तत्परतेने उठल्या, इतर विद्यार्थी तसे उठले नाहीत. काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं तो इतरांचे चेहरे वाचत बसत नाही. थोडक्यात सांगायचं तर वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं आणि सारखं उचलून पाहू नये. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजू नये. आपल्याकडे मायेने पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे घेतली जाते आणि ते पाणी श्वासनलिकेत जातं. मान-पाठीला मार असल्याची शंका असेल आणि तिथे आग किंवा रहदारीचा धोका नसेल, तर हातपाय धरून रिक्षात कोंबण्यापेक्षा रुग्णवाहिकेची वाट पाहावी. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ची सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. आणि गर्दीला उद्देशून 'कोणीतरी फोन करा' असं ओरडू नये. एकाकडे बोट करून म्हणावं, 'अहो निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.' बघ्याला काम मिळालं की तो बघ्या राहत नाही.

रस्त्याबाबत एवढं झालं, पण कलम १३४अ मोटार अपघातापुरतंच आहे. आपल्या अलिप्ततेची सर्वांत जुनी जागा रस्त्यावर नाही, भिंतीपलीकडे आहे. शेजारच्या फ्लॅटमधून बाई किंचाळते, भांडी आपटल्याचा आवाज येतो, आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, कारण तो 'त्यांचा घरगुती मामला' असतो. १९७६मध्ये लान्स शॉटलँड आणि मार्गारेट स्ट्रॉ यांनी स्त्री-पुरुषाच्या मारामारीचं नाटक वठवलं. ती ओरडली की 'मी तुला ओळखत नाही', तर ६५ टक्के लोक मध्ये पडले. 'तुझ्याशी लग्नच कशाला केलं मी!' असं ओरडली तर १९ टक्के. मारणारा तोच, मार तोच. नवरा आहे एवढं कळताच तीनांतले दोघं गळाले.

इथे कायदा आपल्या आधी पोहोचलेला आहे, तेही रस्त्यावरच्या मदतनिसाच्या कितीतरी आधी. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा २००५चा कायदा कलम ४मध्ये सांगतो की हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नातं लागत नाही, पुरावा लागत नाही. २००८मध्ये 'ब्रेकथ्रू' संस्थेने 'बेल बजाओ' ही मोहीम काढली, तिच्या जाहिरातींत शेजारी एवढंच करतात: दारावरची बेल वाजवतात. एकजण थोडं दूध मागतो, मुलं बॉल मागतात. भांडणाचा निवाडा करायचा नसतो. आत मारणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की बाहेर ऐकू जातंय. बेल वाजवण्याचं धैर्य होत नसेल तर महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि ते लावणाऱ्याला आपल्या घराचं दारही उघडावं लागत नाही.